आधी गणित मागा

‘तज्ज्ञांचं आपसातच पटत नाही. म्हणजे कोणीतरी कोणाच्या तरी खिशात आहे. तेव्हा खाण्यापिण्याच्या बाबतीत समित्यांना विचारू नका, आजी खात होती ते खा.’ अन्नसुरक्षेवर आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यातला बराचसा मजकूर पिळला तर एवढंच उरतं. असं म्हणणारी माणसं अडाणी नसतात. चांगली शिकलेली असतात आणि बहुतेक वेळा मनापासून चिडलेली असतात. त्यांची चीड मला समजते. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला घातक वाटतो, म्हणून हा प्रतिवाद.

त्यांचा लाडका पुरावा १४ जुलै २०२३ चा आहे. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने अस्पार्टेमबद्दल एकाच पत्रकात दोन गोष्टी सांगितल्या. ‘शुगर-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेयांत आणि गोळ्यांत हा पदार्थ असतो. तो माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता आहे, ही पहिली गोष्ट. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत तो पोटात गेला तरी चालेल, ही १९८१ पासूनची मर्यादा बदलायचं कारण दिसत नाही, ही दुसरी. झालं! सकाळी विष, संध्याकाळी प्रसाद. यापेक्षा ढोंगाचा मोठा दाखला कोणता हवा?

पण ही दोन वाक्यं दोन वेगळ्या मंडळांची होती आणि त्या मंडळांपुढचे प्रश्नही वेगळे होते. फ्रान्समधल्या लियाँ शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था विचारते ते एवढंच: या वस्तूमुळे कर्करोग होऊ शकतो का, आणि तसं म्हणायला पुरावा किती भक्कम आहे? किती खाल्ल्यावर, किती जणांना, हा तिचा विषयच नाही. अस्पार्टेम आणि यकृताचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा पुरावा तिला मर्यादित वाटला आणि तिने तो पदार्थ ‘२ ब’ गटात टाकला. मोबाइल ज्यावर चालतो त्या रेडिओलहरी २०११ पासून याच गटात आहेत. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही तिथेच आहे. बागेबाहेर सकाळी कोरफडीचा रस पिऊन घरी येणारे, शुगर-फ्रीची डबी कचऱ्यात टाकणारे आणि ती बातमी मोबाइलवरून चाळीस जणांना धाडणारे काका एकाच यादीतल्या दोन-तीन नोंदी हाताळत असतात. त्या वेळी तोंडात जेवणानंतरची सुपारी असेल, तर ती या यादीच्या पहिल्याच गटात आहे. त्या गटात पुरावा पक्का मानलेला असतो. तिच्याबद्दलची बातमी कोणी पुढे धाडत नाही.

दुसरं मंडळ संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांनी मिळून नेमलेलं, १९५६ पासून खाद्यपदार्थांतल्या पूरकांवर काम करणारं. त्याचा प्रश्न असा: माणसाने हा पदार्थ जन्मभर रोज खाल्ला, तर किती प्रमाणापर्यंत काळजीचं कारण नाही? ४० हा आकडा कसा येतो हे पाहण्यासारखं आहे, कारण तज्ज्ञांना शिव्या देणाऱ्या लेखांत हे गणित मला कधी सापडलेलं नाही. उंदरांना दर किलो वजनामागे रोज ४,००० मिलिग्रॅम अस्पार्टेम दीर्घकाळ खाऊ घातलं, तरी अपाय दिसला नाही. त्या आकड्याला आधी दहाने भागायचं, कारण माणूस उंदरापेक्षा नाजूक निघू शकतो. मग पुन्हा दहाने भागायचं, कारण माणसामाणसांत फरक असतो. उरले ४०. साठ किलोच्या माणसाला हे रोजचे २,४०० मिलिग्रॅम होतात. एका गोळीत वीसच्या आसपास मिलिग्रॅम धरले, तर शंभरावर गोळ्या. डाएट शीतपेयाच्या कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरले, तर आठ ते बारा कॅन.

हेच गणित पंधरा किलोच्या मुलासाठी करून पाहा. ६०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कॅन. इथे मात्र आकडा आपल्या घरात येऊन बसतो. लग्नाच्या हॉलमध्ये मोकाट सुटलेलं पोर तेवढं पिऊ शकतं. म्हणजे ज्या मर्यादेला ‘कंपन्यांच्या सोयीची’ म्हणून हिणवलं जातं, तीच मर्यादा मुलांबाबत सावध करते. पण त्यासाठी भागाकार करावा लागतो. मथळा वाचून ते कळत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात याच आरोग्य संघटनेने आणखी एक गोष्ट सांगितली होती: वजन ताब्यात ठेवण्यासाठी असले गोडवे वापरू नका, दीर्घकाळात उपयोग दिसत नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही, असंही त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे मधुमेहींच्या चहाबद्दल जो गोंधळ झाला, त्यात हे वाक्य बहुधा कोणाच्या नजरेलाच पडलं नाही. कर्करोगाचा पुरावा किती, किती प्रमाण चालेल, आणि वजन उतरतं का, अशा तीन प्रश्नांना तीन उत्तरं आली. ती एकमेकांवर आपटून ‘विसंगती’ काढायची, तर मग डॉक्टरने रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर वेगवेगळे सांगितले म्हणूनही भांडता येईल.

खरे मतभेद नसतात असं नाही. ते असतात, आणि जबर असतात. बिस्फेनॉल-ए हे प्लॅस्टिकमध्ये आणि डब्यांच्या आतल्या लेपात वापरलं जाणारं रसायन. एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची रोजची सह्य मात्रा आधीच्या वीस हजारांश केली, दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेला हे पटलं नाही. तिच्या हिशेबात २०० नॅनोग्रॅम बसत होते. दोन नामवंत संस्था, जवळपास तेच अभ्यास, आणि फरक हजार पटींचा! संशयखोरांना यापेक्षा खमंग खाद्य मिळणार नाही. पण हा फरक मला इतक्या नेमकेपणाने सांगता येतो, तो का? युरोपच्या २००२ च्या अन्न कायद्यात तशी तरतूद आहे म्हणून. दोन संस्थांत शास्त्रीय मतभेद राहिला, तर नेमका कुठे आणि कशावरून राहिला याची लेखी नोंद त्यांनी मिळून करायची आणि ती प्रसिद्ध करायची. इथे तशी नोंद झाली. उंदरांच्या प्रतिकारशक्तीतला एक बदल रोगाचं लक्षण मानावा की नाही, हा त्या वादाचा गाभा होता. भांडण उंदरांबद्दल होतं. कोणाच्या बँकखात्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत या रसायनावर बंदी घातली. ती आयोगाची जबाबदारी होती आणि ती त्याने उचलली.

आता खिशाचा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे आणि ते लपवून तज्ज्ञांची बाजू मांडता येणार नाही. इंटरनॅशनल लाइफ सायन्सेस इन्स्टिट्यूट हे नाव ऐकायला विद्यापीठासारखं वाटतं, पण ती संस्था १९७८ मध्ये कोका-कोलाच्याच एका अधिकाऱ्याने उभी केली आणि ती खाद्य कंपन्यांच्या पैशावर चालत आली. अस्पार्टेमवर मत देणाऱ्या मंडळातल्या काही सदस्यांचे तिच्याशी संबंध होते, असा आक्षेप २०२३ मध्येच जाहीरपणे घेतला गेला. अमेरिकेत १९७० च्या दशकात इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या प्रयोगशाळेतले प्राण्यांवरचे अभ्यास चक्क बनावट निघाले. त्यावर कित्येक रसायनांच्या मंजुऱ्या उभ्या होत्या. आपल्याकडे तर अन्नसुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमात ‘स्वतंत्र शास्त्रीय तज्ज्ञ’ असे शब्द असताना देशाच्या अन्नसुरक्षा नियामकाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, पहिल्या शास्त्रीय पॅनेलांवर बड्या खाद्य आणि शीतपेय कंपन्यांची माणसं बसली होती. कायद्याने उद्योगाच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवायला सांगितलं आहे. बोलावणं आणि सदस्य करणं यातला फरक २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला समजावून द्यावा लागला, तेव्हा कुठे पॅनेलं नव्याने बांधली गेली.

मग ‘सगळे विकलेले’ हा निष्कर्ष बरोबर ठरत नाही का? नाही. एक तर, कंपनीच्या पैशाने अभ्यास होतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पर्याय सांगावा. नवं पूरक बाजारात आणायचं, तर ते सुरक्षित आहे हे सिद्ध करायचा भार कंपनीवर असतो, आणि तसाच असायला हवा. तो खर्च तुमच्या-माझ्या करातून सरकारने का करावा? प्रश्न पैसे कोणी दिले एवढ्यावर थांबत नाही. अभ्यास सुरू करण्याआधी नोंदवला होता का, प्रत्येक उंदराची मूळ नोंद मागून तपासता येते का, नको तो निकाल आला म्हणून अभ्यास गुपचूप फडताळात गेला का, हे प्रश्न जास्त कामाचे आहेत. बायो-टेस्टच्या लबाडीनंतर, १९७८ मध्ये, प्रयोगशाळांच्या नोंदी आणि तपासणीचे सक्तीचे नियम आले. युरोपात मार्च २०२१ पासून मंजुरीसाठी करायचे अभ्यास आधी कळवावे लागतात आणि कंपनीने दिलेली शास्त्रीय माहिती प्रसिद्ध होते. यातलं काहीही कोणाच्या सचोटीवर सोडलेलं नाही. सचोटी गृहीत धरायची नाही, एवढंच त्यात गृहीत धरलं आहे.

दुसरं असं की तज्ज्ञांची लबाडी उघडी पडते कशी, ते पाहावं. आपल्याकडचंच एक उदाहरण आहे आणि ते लाजिरवाणं आहे. २०१० मध्ये देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांनी जनुकबदल पिकांवर मिळून अहवाल दिला. बीटी वांग्याला परवानगी द्यावी असा त्याचा कल होता. त्यातला काही मजकूर या पिकांचा पुरस्कार करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या लेखातून शब्दशः उचललेला निघाला. अहवाल मागवणाऱ्या मंत्र्यांनीच, जयराम रमेश यांनी, त्याच्या दर्जावर जाहीर टीका केली. देशातल्या सर्वोच्च शास्त्रीय संस्थांची अशी शोभा झाली, कारण अहवाल लोकांच्या हातात होता आणि तो ओळ अन् ओळ पडताळता येत होता. हाच अहवाल ‘तज्ज्ञांचा अनुकूल अभिप्राय मिळाला आहे’ एवढ्या एका वाक्यात सरकारी पत्रकात आला असता, तर चोरी कायमची पचली असती. ‘तज्ज्ञांना विचारूच नका’ म्हणणारे नेमकं या पडताळणीचं हत्यार टाकून देतात. मग उरतो तो मंत्र्यांचा अंदाज, कंपनीची जाहिरात आणि काकांचा मोबाइल.

आजीबद्दल थोडक्यात. विदर्भात लाखोळी डाळ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली. इतर धान्याबरोबर, थोडी, तोवर निभावलं. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खायची वेळ आली की धडधाकट माणसांचे पाय लुळे पडत. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन सुपारीच्याच गटात, पक्क्या पुराव्याच्या गटात आहे. ते दिसत नाही आणि भाजल्याने पुरतं जातही नाही. आजीने त्याचं नाव ऐकलं नव्हतं, त्यात तिचा दोष नाही. पण तिच्या जेवणाला कोणी मोजलं नव्हतं म्हणून ते निर्धोक होतं असं मानणं, याला परंपरा म्हणत नाहीत.

इथवर मी तज्ज्ञांच्या बाजूने बोललो. आता ज्यांच्यामुळे हा संशय खरोखर पोसला जातो, त्यांच्याकडे वळतो. ते तज्ज्ञ नव्हेत. तज्ज्ञांच्या मताची ढाल करणारं सरकार.

याचा सगळ्यात महाग धडा ब्रिटनने घेतला. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे गाईंच्या मेंदूचा नवा रोग ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गाईंच्याच खाद्यात मिसळली जात होती, त्यातून तो पसरला. सरकारने ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड साउथवुड यांच्या नेतृत्वाखाली छोटी समिती नेमली. फेब्रुवारी १९८९ च्या अहवालात समितीने माणसांना धोका पोहोचण्याची शक्यता दूरची असल्याचं म्हटलं. पण त्याच अहवालात, आमचा अंदाज चुकला तर परिणाम अतिशय गंभीर होतील, अशा आशयाचा इशाराही होता. शास्त्रज्ञ जे करू शकतात ते त्यांनी केलं: हातात असलेल्या पुराव्यावर मत दिलं आणि मत कुठे कच्चं आहे तेही सांगितलं.

यातलं पहिलं वाक्य सरकारने उचललं, दुसरं गाळलं. पुढची सात वर्षं ‘ब्रिटिश बीफ सुरक्षित आहे, शास्त्रज्ञांनी सांगितलं आहे’ हा जप चालला. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला. (मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर काही खाऊन दाखवायला सुरुवात केली की ताट बाजूला सारावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.) २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्र्यांना संसदेत सांगावं लागलं की तरुण माणसांत दिसणाऱ्या मेंदूच्या नव्या जीवघेण्या रोगाचं सर्वांत संभाव्य कारण गाईंचा हाच रोग आहे. ब्रिटनमध्ये त्याने पावणेदोनशेच्या वर माणसं मारली.

लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी समितीचा सोळा खंडांचा अहवाल ऑक्टोबर २००० मध्ये आला. लोक घाबरतील या भीतीनेच सरकारला पछाडलं होतं, आणि साउथवुड समितीचं तात्पुरतं मत जणू सिद्ध झालेलं विज्ञान असल्यासारखं वापरलं गेलं, असं त्यात नोंदवलं आहे. ब्रिटनची स्वतंत्र अन्न मानक संस्था आणि युरोपचं अन्नसुरक्षा प्राधिकरण यांची घडण या राखेतून झाली. जोखीम मोजणारे वेगळे, निर्णय घेणारे वेगळे, आणि दोघांमध्ये काय बोलणं झालं ते सगळ्यांना वाचता येईल, हा त्यामागचा विचार. ‘शास्त्रज्ञच ठरवतील’ ही भाषाही इथे बसत नाही. किती जोखीम, हे शास्त्रज्ञ सांगतील. तेवढी पत्करायची का, कोणी पत्करायची आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे मतं मागून निवडून आलेल्या माणसाने ठरवायचं आणि त्यावर आपलं नाव घालायचं.

आपल्याकडे हे कधीच झालं नाही असं नाही. बीटी वांगं जालन्याच्या महिकोचं. नियामक समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला हिरवा कंदील दाखवला. मंत्री म्हणून रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला परवानगी स्थगित केली. आलेली परस्परविरोधी मतं जोडून, कारणं लिहून, स्वतःच्या सहीने. तो निर्णय चुकला असं मानणारे अनेक आहेत आणि त्यांच्या काही मुद्द्यांत दम आहे. पण ते नेमके कोणत्या परिच्छेदाशी भांडतात हे त्यांना दाखवता येतं. निर्णय बरोबर असण्याइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

आता हा प्रसंग २०२४ च्या एप्रिलशेजारी ठेवून पाहा. हाँगकाँगने दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा हा वायू कर्करोगाच्या यादीत पहिल्या गटात आहे. पाठोपाठ सिंगापूरने त्यातला एक मसाला परत घ्यायला लावला. नेमक्या त्याच दिवसांत, ८ एप्रिलला, एफएसएसएआयने एक आदेश काढला होता. भारतात नोंदणीच नसलेल्या कीटकनाशकांसाठी मसाल्यांतली मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवरून ०.१ वर नेली, म्हणजे दहापट. तो आदेश इथिलीन ऑक्साइडसाठी काढलेला नव्हता, पण लोकांनी दोन्ही बातम्या जोडल्या. मग ५ मे रोजी सरकारचा खुलासा आला: आपली मानकं जगातल्या सर्वांत कडक मानकांपैकी आहेत, बातम्या खोट्या आहेत, शास्त्रीय पॅनेलच्या शिफारशीवरूनच हे झालं आहे.

यात कोणीतरी विकलं गेलं असं मी म्हणत नाही. दहापट वाढीला शास्त्रीय आधार असूही शकतो. मसाला वाळवलेला असतो, त्यात अवशेष एकवटतात, आणि तो आपण चिमटीने खातो. रोज दहा ग्रॅम मसाला पोटात गेला, तर ०.१ च्या मर्यादेने जास्तीत जास्त एक मायक्रोग्रॅम कीटकनाशक जाईल. कित्येक कीटकनाशकांच्या बाबतीत ही मात्रा नगण्य आहे. पण ही मर्यादा एका ठरावीक कीटकनाशकाची नाही. नोंदणी नसलेल्या, नावही न घेतलेल्या सगळ्याच कीटकनाशकांना ती सरसकट लागू होते. एका रसायनाचा मायक्रोग्रॅम काहीच नसतो, दुसऱ्याचा पुष्कळ असतो. शिवाय ०.०१ ही अनेक देशांत वापरली जाणारी सर्वसाधारण मर्यादा मुळात विषशास्त्रातून आलेलीच नाही. प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल एवढी तळाची पातळी म्हणून ती धरली जाते, आणि तिचा अर्थ होतो: ज्याची परवानगी नाही ते असूच नये. ती सैल करायची, तर प्रश्नच बदलतो. मग कोणकोणती रसायनं मनात धरली होती, त्यातलं सर्वांत घातक कोणतं, तिखट-मसाला जास्त खाणाऱ्या घरातल्या लहान मुलाचा हिशेब केला का, आणि पॅनेलवरच्या कोणी वेगळं मत दिलं का? ५ मेच्या निवेदनात याचं उत्तर नव्हतं. त्यात पॅनेलचं नाव होतं.

लोकांना हे आकडे समजणार नाहीत, उगाच घबराट होईल, असं यावर अधिकारी म्हणतात. जे १९८९ मध्ये लंडनमध्ये म्हटलं गेलं तेच हे. आपल्या कायद्याचं अठरावं कलम तर उलट सांगतं: अपायाची शक्यता दिसते आणि शास्त्रीय खात्री नाही, अशा वेळी तात्पुरती खबरदारी घेता येते. म्हणजे खात्री नसल्याचं कबूल करण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. ती वापरली, तर ‘सगळं सुरक्षित आहे’ असं छातीठोक सांगण्याची गरज उरत नाही.

मसाल्यांच्या त्या मर्यादेचं गणित पॅनेलने केलं असेल, तर ते आदेशाला जोडायला दोन पानं पुरली असती. आणि केलंच नसेल, तर संशय घेणाऱ्या काकांशी भांडायला माझ्याकडे त्या एका बाबतीत काहीच नाही.